वेदना सोसावी, लपवू नये

(एका व्यायामशाळेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी खेळाडू नाही. कलाशाखेचा पदवीधर, आणि आयुष्य वृत्तपत्रात गेलेले. त्यामुळे बलोपासनेवर तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. परंतु मैदानाच्या कडेला बसून मी पुष्कळ पाहिले आहे. विजयी खेळाडूंची मिरवणूक पाहिली आहे, तशीच मिरवणूक संपल्यावर भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरणारी मुलेही पाहिली आहेत. आज बोलायचे आहे ते त्या पायऱ्या उतरणाऱ्यांविषयी.

अनेक वर्षांपूर्वी एका ग्रामीण कबड्डी स्पर्धेचे वृत्तांकन करीत होतो. एका संघाचा उजवा कोपरारक्षक मोठा तडफदार होता. उपान्त्य सामन्यात पकड करताना त्याचा गुडघा वळला. आवाज माझ्यापर्यंत आला. प्रशिक्षकाने पाण्याचा हबका मारला, फवारा मारला, वर एक वेदनाशामक गोळी दिली आणि म्हणाला, "मर्द आहेस ना? मग ऊठ!" पोरगा उठला. अंतिम सामनाही खेळला. संघ जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मी त्याच्या जिद्दीचे वर्णन मोठ्या उत्साहाने केले.

दीड वर्षाने तो मला बसस्थानकावर भेटला. लिगामेंट तुटले होते, त्यावरच खेळत राहिल्याने गुडघ्यातील कूर्चाही झिजली होती. कबड्डी सुटली होती, पोलीस भरतीचे स्वप्नही मावळले होते. त्याने माझी बातमी कापून जपून ठेवली होती. मित्रहो, ते कात्रण त्याने मला दाखविले तेव्हा मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

तितिक्षा आणि हट्ट

सुखदुःखाचे, शीतोष्णाचे स्पर्श येतात आणि जातात, ते सहन कर, असे भगवंत अर्जुनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगतात. यालाच आपण तितिक्षा म्हणतो. परंतु तीच गीता सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि कर्म यांतील युक्तपणा सांगते. आपण पहिला उपदेश उचलतो आणि दुसरा सोयीस्कररीत्या विसरतो. तितिक्षेला विवेकाची जोड नसेल तर उरतो तो केवळ हट्ट.

वेदना ही देहाने पाठविलेली वर्दी आहे. नव्या व्यायामाने अंग आंबते, दोन-तीन दिवसांत ते मोकळे होते. ही वेदना शरीर घडत असल्याची आहे, ती अवश्य सोसावी. परंतु सांधा सुजला, पाय टेकवेना, गुडघा मध्येच दगा देऊ लागला, रात्री झोपेतून जागे करील असे दुखू लागले, तर ती वर्दी वेगळी आहे. वेदनाशामक गोळी वर्दी देणाऱ्याचे तोंड बांधते, इजा बरी करीत नाही. अशा गोळ्या मनाने वारंवार घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो, तो निराळाच.

आपल्या जुन्या तालमींना हे ठाऊक होते. चांगला वस्ताद दुखावलेल्या मल्लाला तालमीतून घालवीत नसे आणि लगेच कुस्तीलाही सोडीत नसे. आधी मालीश, मग हलक्या बैठका, मग लहान पोरांशी हलका जोर, आणि सर्वांत शेवटी कुस्ती. आजचे पुनर्वसनशास्त्र याच पायऱ्या मोजमाप करून चढावयास सांगते. गुडघ्याच्या प्रमुख लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यानंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणे धोक्याचे, आणि नऊ महिने झाले तरी दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी झाल्यावाचून उतरू नये, असे तज्ज्ञ बजावतात. केवळ दिनदर्शिका पाहून परतायचे नसते.

परतीच्या वाटा

२००२ सालच्या मे महिन्यात अँटिग्वाच्या कसोटीत मर्व्हिन डिलनचा चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा मोडला. डोक्याभोवती पट्टी बांधून तो मैदानात उतरला, सलग चौदा षटके टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केले. ते छायाचित्र आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्यानंतरचे मात्र आपण सांगत नाही. तो लगेच शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. मालिकेतील उर्वरित सामने त्याने सोडले. म्हणूनच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीड्सच्या संस्मरणीय विजयात सात बळी घ्यायला तो उभा होता. चौदा षटकांचे शौर्य मोठेच, पण त्यानंतर थांबण्याचे शहाणपण त्याहून लहान नव्हे.

सचिनचे उदाहरण घ्या. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध पाठीच्या असह्य वेदनेत त्याने १३६ धावा केल्या आणि आपण अवघ्या १२ धावांनी हरलो. त्या पराभवाची हळहळ आजही आहे. पण मला अधिक शिकवून जाते ते २००५ साल. टेनिस एल्बोच्या दुखण्याने त्याला ग्रासले होते. मे महिन्यात लंडनला कोपरावर शस्त्रक्रिया झाली. ज्या हाताने जगभरचे गोलंदाज फोडून काढले, त्या हाताला बॅट उचलणे अवघड झाले. ऑक्टोबरात आपल्या नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक झळकावून त्याने सुनील गावसकरांचा विक्रम ओलांडला. मधल्या महिन्यांत टाळ्या नव्हत्या. होता तो रोजचा कंटाळवाणा व्यायाम. खरी तपश्चर्या ती.

नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. भालाफेकपटूचे सारे सामर्थ्य त्याच कोपरातून जाते. तो पुन्हा जोर लावील का, ही शंका कोणाच्याही मनात यावी. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळविली, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीने सुवर्णपदक जिंकले. मणिपूरची कन्या मीराबाई चानू हिला कंबरेच्या दुखण्यामुळे २०१८ च्या आशियाई स्पर्धा सोडाव्या लागल्या. तिने टोकियोत एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक आणले. योग्य वेळी सोडलेली स्पर्धा पुढच्या यशाचा पाया होऊ शकते.

मात्र प्रत्येक कथा अशी सुफळ संपूर्ण होत नाही. १९६२ मध्ये बार्बाडोसला आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला आणि कवटीला तडा गेला. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. प्राण वाचले. पुढे कॉन्ट्रॅक्टर प्रथम श्रेणीचे क्रिकेट पुन्हा खेळले, परंतु कसोटी संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. परतणे म्हणजे नेहमीच पूर्वीच्या जागी परतणे नसते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

आणि कधी ती जागा पूर्णपणे वेगळी असते. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचे शरीर जर्जर झाले, कमरेखालचा भाग निकामी झाला. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि त्या पाण्यातच त्यांना नवे मैदान सापडले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल शेहेचाळीस वर्षांनी! आपल्या मातीतील या वीराची ओळख आपल्या घराघरांत किती उशिरा झाली, याचा विचार प्रत्येकाने करावा.

समाजाचे ऋण

या नामवंतांमागे शल्यविशारद होते, भौतिकोपचारतज्ज्ञ होते, खर्च करणारी व्यवस्था होती. माझ्या त्या कबड्डीपटूमागे कोण होते? आपण विजयी खेळाडूला शाल-श्रीफळ देतो, त्याचे फलक लावतो. गुडघ्याचा एमआरआय काढण्याची वेळ आली की त्याचा बाप सावकाराच्या दारी उभा असतो. राष्ट्राचे बळ पदकतालिकेत मोजले जाते, हे खरे. पण समाजाचे बळ, पडलेल्याला तो कसा उचलतो, त्यावरून मोजावे.

आणि शरीराबरोबर मनही मोडते. जखम भरली तरी पुन्हा तसेच पडू ही भीती पाय अडखळविते. खेळाडू घरी एकटा बसतो, संघ पुढे निघून जातो. अशा वेळी सवंगड्यांनी रोज संध्याकाळी त्याला मैदानावर आणून बसवावे, गुणलेखन करू द्यावे, लहानांना शिकवू द्यावे. आपल्या शाखांत आणि तालमीत आपुलकीची जी वीण असते, तिचा खरा उपयोग इथे आहे.

म्हणून या वर्धापनदिनी मी तीन गोष्टी मागतो. या व्यायामशाळेत जखमी खेळाडूंसाठी एक छोटा निधी असावा. गावातील डॉक्टरांनी आणि भौतिकोपचारतज्ज्ञांनी महिन्यातून एक दिवस इथे यावे. आणि वस्ताद, तिसरी विनंती आपणास आहे. "दुखतंय" असे म्हणणाऱ्या पोराला या आखाड्यात कोणी भित्रा म्हणू नये.

तो कबड्डीपटू आता चाळिशी ओलांडून गेला आहे. तो गावातल्या मुलांना कबड्डी शिकवितो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, माझ्या पोरांना मी एकच नियम घातलाय. लागलं की आधी मला सांगायचं. सामना नंतर." माझ्या त्या जुन्या बातमीचा खुलासा त्यानेच केला, असे मी समजतो.

बजरंगबलीच्या चरणी आपण बळ मागतो. त्याच्याकडे बळाबरोबर बुद्धीही मागण्याची आपली परंपरा आहे. दोन्ही मागू या.

भारत माता की जय!