खात्याचं वय

मी व्यवसायानं मुद्रितशोधक. कविताही लिहितो, पण कवितेवर चूल पेटत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोलापुरातल्या छापखान्यांतून तीस वर्षं प्रुफं तपासली. लग्नपत्रिकांची, गाइडांची, दिवाळी अंकांची. या धंद्यात पगाराची पावती नसते, मग प्रॉव्हिडंट फंड कुठला? २०१२ साली हिशेब लिहिणाऱ्या एका मित्रानं मला धरून बँकेत नेलं आणि पीपीएफचं खातं उघडून दिलं. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. १९६८ सालापासूनची योजना. वर्षाला किमान पाचशे रुपये भरायचे, पंधरा वर्षं चालवायचं, आणि मिळणारं व्याज करमुक्त.

‘करमुक्त’ या शब्दाचं मला तेव्हा हसूच आलं होतं. कर लागावा एवढी कमाई माझ्या हातून कधी झालीच नाही. मला पटली ती दुसरी गोष्ट. हमी सरकारची, आणि तुमच्यावर कुणाचं कर्ज असलं तरी कोर्ट या पैशावर जप्ती आणू शकत नाही. ज्यांच्याकडे मी काम करायचो त्यांच्यातल्या एकाचं छपाईयंत्र जप्त होताना मी पाहिलं होतं.

अडचण होती ती घरातली. व्याज घ्यावं की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं होती आणि आहेत. थोरले चाचा म्हणाले, ‘पैसे ठेव, पण त्या वाढीला हात लावू नकोस.’ मी बरेच दिवस घोळ घातला. शेवटी मनाशी ठरवलं की हा पैसा मुलीच्या शिक्षणाचा, त्याचा जाब वर द्यायचा तो मी देईन. हे इथं सांगायचं कारण असं, की ज्या व्याजासाठी माणूस स्वतःच्या मनाशी एवढा झगडतो, ते व्याज कुठल्याशा टेबलावर कागद पडून राहिल्यामुळे बुडावं, याची चीड जरा जास्तच येते.

२०२३ साली मुलीच्या बारावीसाठी आम्ही पुण्याला, कोंढव्यात बिऱ्हाड हलवलं. तिला फार्मसीला जायचं होतं. पीपीएफमध्ये पैसे कुठूनही भरता येतात, पण काढायचे म्हटले की मला सोलापूरची शाखा गाठावी लागणार. म्हणून खातं इकडे, घराजवळच्या दुसऱ्या बँकेत आणायचं ठरवलं. खातं बंद करून नवं उघडावं तर ते सोयीचं नाही. मुदतीआधी बंद करायला ठरावीक कारणं लागतात, व्याजातून एक टक्का कापला जातो, आणि मुख्य म्हणजे झालेली वर्षं फुकट जातात. खातं बदलून घेतलं तर ते जुनंच धरलं जातं. म्हणजे नुसते पैसे हलत नाहीत, त्यांचं वयही बरोबर येतं. निदान नियमात तरी तसं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? जुनी बँक खात्याचा उतारा, मूळ अर्ज, वारसाचा कागद, सहीचा नमुना आणि शिलकेचा चेक असं एक पाकीट नव्या बँकेकडे पाठवते. या इंटरनेटच्या जमान्यात, हो, पाकीट! मी फेब्रुवारी २०२४मध्ये अर्ज दिला. १२ मार्चला सोलापूरच्या बँकेनं खात्यात शून्य केलं. शिल्लक होती पाच लाख चाळीस हजार. पाकीट चारच दिवसांत पुण्यात पोहोचलं आणि तिथं बसून राहिलं.

का, तर नावामुळे. माझ्या नावात मोहम्मद आहे. ते इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात! कुणी ‘ओ’ घालतं, कुणी ‘यू’, कुणी एक ‘एम’, कुणी दोन. जुन्या बँकेतल्या कुणीतरी चौकटीत मावावं म्हणून नुसतं ‘एमडी’ आणि टिंब लिहून मोकळं केलं होतं. (त्या एमडीमुळे एका कौंटरवर मला ‘या, डॉक्टरसाहेब’ असंही ऐकायला मिळालं होतं.) आधार कार्डावर पूर्ण नाव, पॅन कार्डावर ‘एम’ एकच. दुसऱ्याच्या वेलांट्या सुधारण्यात आयुष्य गेलेला माणूस मी, पण स्वतःचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे हे कधी तपासलं नव्हतं. ती चूक माझी, कबूल. पण ‘नावात फरक आहे’ हे मला कळवायला बँकेला तीन आठवडे लागले, आणि तेही मी स्वतः चौकशीला गेलो म्हणून कळलं. प्रतिज्ञापत्र केलं, दिलं. मग कागद ‘वरच्या ऑफिसला’ गेले. हे वरचं ऑफिस कुठं असतं, ते कुणी सांगत नाही. २४ एप्रिलला एकदाचे पैसे खात्यात दिसले.

आता हिशेब बघा. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर धरतात. मार्चअखेर पैसे ना इकडे ना तिकडे. एप्रिलमध्ये आले ते पाच तारीख उलटून गेल्यावर. तेव्हाच्या ७.१ टक्के दरानं महिन्याचे तीन हजार एकशे पंच्याण्णव, दोन महिन्यांचे सहा हजार तीनशे नव्वद रुपये गेले. खातं सलग मानायचं, तर हे व्याज मिळायला हवं. ‘सिस्टीम घेत नाही,’ एवढंच उत्तर मिळालं.

पण खरा धक्का पुढं होता. ऑगस्टमध्ये मुलीचा बी.फार्म.ला नंबर लागला. एक लाख काढावेत म्हणून अर्ज घेऊन गेलो. कौंटरवरच्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काका, यातून २०३०च्या आधी पैसे निघणार नाहीत.’ मला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाचं खातं बघताहेत. पासबुक काढलं. खातं उघडल्याची तारीख, २४ एप्रिल २०२४. बारा वर्षं साफ पुसून टाकलेली. माझी मुदत संपायची होती ३१ मार्च २०२८ला. ती आता २०४०वर गेली होती. तोवर मी बहात्तर वर्षांचा होईन. मुलगी सोडा, नातवंडांच्या फिया भरायची वेळ आली असती!

पासबुक मला एप्रिलमध्येच मिळालं होतं. नाव बघितलं, रक्कम बघितली, तारीख बघितली नाही. मुद्रितशोधकानं मथळ्यातली चूक सोडावी, तसं झालं.

त्या बाई भल्या होत्या. त्यांनी कपाटातून ते सोलापूरचं पाकीट शोधून काढलं. त्यात २०१२चा माझा अर्ज होता, माझी जुनी मराठी सही होती, सगळं होतं. तारीख शाखेत मात्र बदलता येत नव्हती, ती ‘वरून’ बदलायची. मी लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला फी पडत नाही, हे त्या बाईंनीच मला हळू आवाजात सांगितलं. एकतिसाव्या दिवशी मी तिकडे अर्ज केला. आश्चर्य म्हणजे त्यानंतर आठवडाभरात बँकेचा फोन आला आणि तारीख दुरुस्त झाली. बुडालेलं व्याज जमा व्हायला पुढचा मार्च उजाडला.

तुमच्यापैकी कुणाला असं खातं हलवायचं असेल, तर एवढं करा. मूळ अर्जाची आणि पासबुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स आधी काढून ठेवा. फेब्रुवारी-मार्चच्या तोंडावर अर्ज देऊ नका. आणि नवं पासबुक हातात आलं की रकमेच्या आधी तारीख वाचा, मग वारसाचं नाव वाचा. माझ्या वारसाची जागा कोरी होती.

प्रवेशाची मुदत काही लोकपालासाठी थांबत नाही. ती फी भरली माझ्या बायकोनं. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिठ्ठी निघते. त्या महिन्यात नंबर दुसरीचाच होता. बायकोनं तिला घरातली अडचण सांगितली, तिनं आपला नंबर हिला दिला आणि संध्याकाळी पैसे घरात आले. ना अर्ज, ना आधार कार्ड. थोरल्या चाचांना हे कळल्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

दुरुस्त केलेलं पासबुक आणायला गेलो, तेव्हा तिथंच कौंटरपाशी उभं राहून पहिलं पान वाचलं. तारीख बरोबर, २०१२. वारस बरोबर. नावात मात्र आता एक ‘एम’ जास्त पडला होता. कौंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘काका, सगळं ठीक आहे ना?’ मी चष्मा काढला आणि म्हटलं, ‘ठीक आहे.’