९९ एपीओच्या पत्त्यावर

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर करून घेतला. आत एक पलंग, शेगडी, पाण्याचा कॅन. मोठी गाडी मुद्दाम घेतली नाही. मला जिथं जायचं होतं तिथल्या वळणांवर ती अडकली असती.

जायचं होतं अरुणाचलमधल्या वालाँगला. इनर लाइन परमिट आधीच काढलं होतं. नोव्हेंबर होता. हायुलियांगहून उजाडताच निघालो. त्या भागात उशीर परवडत नाही, संध्याकाळी साडेचारलाच अंधारू लागतं.

लोहित दिवसभर सोबत होती. ही तिबेटातून येते, किबिथूजवळ भारतात शिरते आणि खाली आसामात सियांग-दिबांगला मिळून ब्रह्मपुत्रा होते. वर जाऊ तसे पाइनचे झाड वाढत जातात. नदीवर झुलते पूल. हिनं एकावर चार पावलं टाकली आणि परत आली.

ऐंशीच्या दशकात कॅप्टन असताना मी दोन वर्षं इथं काढली. कुटुंब आणायला परवानगी नव्हती. ही मिरजेला. पत्रावर गावाचं नाव नाही, नुसतं ९९ एपीओ. मी कुठं आहे, हे तिला नीटसं माहीतही नव्हतं.

एका युद्धस्मारकापाशी थांबलो. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपले जवान इथं अपुऱ्या दारूगोळ्यानिशी लढले. तिथं हात आपोआप सॅल्यूटला जातो.

पुढच्या एका वळणावर मी गाडी उभी केली. इथंच पावसाळ्यात दरड आली होती. आमची एक गाडी नदीत गेली. ड्रायव्हर बावीस वर्षांचा. सापडला नाही. त्या रात्री मी हिला लिहिलं होतं, ‘इकडे सर्व क्षेम, हवा छान आहे.’

आज, एवढ्या वर्षांनी, तिला ते सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

“अहो, त्याच्या घरी कोणी कळवलं?”

“पत्र मीच लिहिलं.”

“त्याच रात्री?”

“माझ्या पत्राच्या आधी.”

वालाँगला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गाडी काठापासून लांब, उंचावर लावली. डोंगरी नदीचं पाणी रात्रीतून चढू शकतं. हिनं शेगडी पेटवली, चहा टाकला आणि त्या मुलाचं गाव कुठलं, ते विचारलं.