भूमिगत वाहिन्या आणि त्यांचा अभियंता

(पिंपळगाव बसवंत येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करताना त्यांना एखाद्या व्यवसायाची ओळख करून द्यावी, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारे आयुष्य खडू आणि फळा यांत गेले. अभियांत्रिकीवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु माझा एक जुना विद्यार्थी आज तेल व वायू वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या कामावर वरिष्ठ अभियंता आहे. नावाचा उल्लेख त्याला नको आहे, म्हणून तो करीत नाही. त्याच्याकडून जे ऐकले आणि एका प्रसंगी जे प्रत्यक्ष पाहिले, ते आपणापुढे ठेवतो.

आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाचे मोठे डेपो आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. 25 जानेवारी 2011 रोजी इंधनाच्या भेसळीचा काळा धंदा अडविण्यास गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्याच परिसरात जिवंत जाळण्यात आले, ही जखम आपण विसरलेलो नाही. ह्या पानेवाडीस मुंबईच्या माहुल भागातील शुद्धीकरण कारखान्यापासून सुमारे 250 किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून इंधन येते. भारत पेट्रोलियमची ही वाहिनी पुढे इंदूरजवळील मांगल्या गावावरून दिल्लीच्या सीमेवरील बिजवासनपर्यंत गेली आहे. वरून शेते, ओढे, रस्ते. आणि खाली मीटर-सव्वा मीटर खोलीवर अहोरात्र वाहणारे इंधन!

ही गोष्ट बोलायला सोपी. करावयास किती कठीण, ते पाहा. मुलांनो, फळ्यावरचे साधे गणित करू. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ एका वायुमंडळाइतका दाब देतो. मुंबई समुद्रकाठी, तर इगतपुरी सुमारे 600 मीटर उंचीवर. पाणी असते तर ते नुसते वर चढविण्यास साठ वायुमंडळांचा दाब लागला असता. पेट्रोल पाण्याच्या पाऊणपट जड धरले, तरी दाब पंचेचाळीसपट झाला. मोटारीच्या चाकात तो जेमतेम दोन-अडीचपट असतो. शिवाय नळीच्या घर्षणावर मात करण्याचा दाब वेगळाच.

आता दुसरे गणित. नळीचा एक तुकडा साधारण बारा मीटरांचा असतो. म्हणजे 250 किलोमीटरांत वीस हजारांहून अधिक सांधे आले. त्यांतील एकही कच्चा राहून चालत नाही. म्हणून वैद्य छातीचे क्षकिरण-चित्र घेतात, तद्वत् जोडलेल्या सांध्यांची चित्रे घेऊन पारख करतात. नंतर वाहिनीत पाणी भरून, तिला नित्य सोसावा लागणारा दाब ओलांडून ती तपासतात. इंधन सोडण्याची वेळ त्यानंतर येते.

जमिनीत पुरलेल्या लोखंडाचा वैरी गंज. तो रोखण्यासाठी नळीवर लेप देतात आणि तिच्याशी सौम्य विद्युत्प्रवाह जोडून ठेवतात. एवढ्यावरही विश्वास न ठेवता ठराविक काळाने नळीच्या पोटातून एक यंत्र सोडतात. ते इंधनाबरोबर वाहत जाते आणि पत्रा कोठे झिजला आहे, याची नोंद करते. ह्या यंत्रास ते लोक 'पिग' म्हणजे डुक्कर म्हणतात! एकाच नळीतून पेट्रोल, डिझेल, रॉकेल असे एकामागून एक पाठवितात. दोहोंच्या सीमेवर जे थोडे मिसळते, ते पलीकडच्या टोकास अचूक ओळखून निराळ्या टाकीत घ्यावे लागते.

नवा अभियंता ह्यातील एखादे काम पाहतो. वरिष्ठास सर्व कामांचे उत्तर द्यावे लागते. मी विचारले, "तुझ्या पदाचे सर्वांत अवघड काम कोणते?" तो म्हणाला, "गुरुजी, चालू वाहिनी थांबवणं." मला नवल वाटले. तेव्हा त्याने अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मार्शल गावाची हकीकत सांगितली. जुलै 2010 मध्ये तेथे तेलवाहिनी फुटली. दूरच्या नियंत्रणकक्षात धोक्याच्या सूचना वाजत होत्या. परंतु तेथील मंडळींनी त्यांचा चुकीचा अर्थ लावला आणि थांबविलेले पंप दोनदा पुन्हा सुरू केले. सतरा तासांहून अधिक काळ तेल कालमझू नदीकडे वाहत राहिले. अखेर गळती कळली ती यंत्राकडून नव्हे. स्थानिक गॅस कंपनीच्या एका माणसाने दूरध्वनी केला, तेव्हा! आपल्याकडे 27 जून 2014 रोजी आंध्रातील नगरम येथे वायुवाहिनी फुटून आग लागली आणि तीत वीसपेक्षा अधिक माणसे दगावली. अभियंत्याच्या शंकेने एक दिवस पुरवठा बंद पडला तर वरचे अधिकारी रागावतील. शंका दाबली तर काय होईल, हे ह्या दोन गावांना विचारावे.

आता मी पाहिलेला प्रसंग. माझ्या व्याह्यांची शेती मनमाडच्या अंगाला आहे. त्यांनी शेततळ्यासाठी यंत्र बोलावून खोदाईस आरंभ केला. वाहिनीच्या बाजूने रोज पायी गस्त घालणारा एक पोरगा धावत आला आणि यंत्रापुढे उभा राहिला. शब्दास शब्द वाढला. मी नेमका तेथे होतो. दुपारी माझा विद्यार्थी स्वतः आला. पायातील बूट काढून बांधावर बसला. व्याही संतापाने म्हणाले, "सातबारा माझा, पट्टी मी भरतो, आणि खड्डा खणायला तुझी परवानगी?"

तो म्हणाला, "आबा, जमीन तुमचीच आहे. आमचा हक्क फक्त खालून नळी नेण्याचा. पण यंत्राचा दात त्या नळीला लागला असता, तर आत्ता तुम्ही-मी बोलत बसलो नसतो."

मग त्याने 1962 सालचा कायदा साध्या मराठीत समजावला. ह्या कायद्यान्वये सरकार जमीन घेत नाही, वापराचा हक्क तेवढा घेते. त्या पट्ट्यात कांदा, मका खुशाल घ्यावा. मात्र घर बांधू नये, विहीर वा तळे खोदू नये, झाड लावू नये. अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते. हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, शिवाय पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते. ती मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

व्याही बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नोटीस आली होती रे. पण ती वाचून सांगणारा कोणी आला नाही." माझ्या विद्यार्थ्याने मान खाली घातली. "चूक आमच्या लोकांची आहे, आबा," एवढेच तो बोलला. मग त्याने स्वतः फीत धरून, पट्ट्याबाहेर तळ्याची जागा आखून दिली. आज त्या तळ्यात पाणी आहे, आणि पट्ट्यात कांदा.

बंधुभगिनींनो, एवढ्यासाठीच हा विषय घेतला. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे द्राक्षबागांवर व कांद्यावर जगतात, आणि आपलीच मुले आता अभियंते होत आहेत. उद्या नकाशा घेऊन एखाद्याच्या बांधावर जाणारा आपलाच मुलगा असेल आणि बांधावर उभा राहून संतापणारा आपलाच आबा असेल. मुलांनो, गणित पक्के करा. पण नोटीस वाचून सांगण्याइतकी मायबोलीही पक्की ठेवा. आणि वडीलधाऱ्यांनो, शेतात वाहिनीचा खूण-दगड दिसला तर तो उपटू नका. वास आला, माती ओलसर दिसली, तर दगडावरील क्रमांकावर त्वरित कळवा. मार्शलच्या त्या माणसाने एवढेच केले होते.