वेगळी वेदी, एकत्र सेवा
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कला शाखेचा एक साधा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारा माणूस. "इतर समाजांत सेवेचे काम कसे चालते यावर बोला," असा चिटणीसांनी आग्रह धरला, म्हणून उभा आहे.

सुरुवात एका सुट्टीपासून करतो. २०१७ साली १४ एप्रिल शुक्रवारी आला. म्हणजे बाबासाहेबांची जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी. आम्हा बँकवाल्यांची एक सुट्टी बुडाली आणि त्याचे दुःख सगळ्या शाखेला झाले, हे कबूल करायला हरकत नाही. शेजारच्या काउंटरवरचे माझे ख्रिस्ती सहकारी मात्र म्हणाले, "अहो, यंदा आमच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचा ईस्टरसुद्धा एकाच रविवारी आला आहे. बहुतेक वर्षी तेही जमत नाही!" एवढा मोठा सण, पण त्याच्या तारखेवरही एकमत नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले.

डबा खाताना त्यांनी मला तो सगळा आठवडा समजावून सांगितला. गुरुवारी येशूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन घेतले, त्यांचे पाय स्वतः धुतले, भाकर मोडून वाटली. शुक्रवारी क्रूस. रविवारी पुनरुत्थान. माझे सहकारी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झाले. सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापली जुनी नावे सोडून ते उभे केले. कॅथलिक मात्र त्यात नाहीत, आणि यांची पत्नी कॅथलिक. ते म्हणाले, "गुरुवारी मी हिच्याबरोबर हिच्या चर्चमध्ये जातो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे उठून वेदीकडे जातात. मी बाकावर बसून राहतो. पंचवीस वर्षं झाली." कॅथलिक नियमाप्रमाणे इतर पंथांच्या माणसाला ती भाकर सहसा देत नाहीत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण माझा घास जरा हातातच राहिला.

ज्या दिवशी भाकर वाटली गेली, त्याच दिवशी नवरा-बायकोला ती एकत्र घेता येत नाही. मग हे पंथ एकत्र येऊन लोकांची सेवा कशी करणार? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी ग्रंथालयात बसलो. वाचता वाचता इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराची हकिगत सापडली.

लिव्हरपूल हे बंदराचे शहर. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून उपाशी कॅथलिक माणसे येथे लोटली. गोदीत काम कोणाला, वस्ती कोणाची, यावरून प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले. १९०९ साली तर दंगली झाल्या. मार्च १९८२ मध्ये, म्हणजे ईस्टरच्या महिनाभर आधी, अँग्लिकन पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू रन्सी तेथे प्रवचनास उभे राहिले असता कट्टर प्रॉटेस्टंटांनी आरडाओरडा करून त्यांना बोलू दिले नाही. पोप इंग्लंडला येणार होते, हा त्यांचा राग.

याच शहरात दोन माणसे निघाली. अँग्लिकन बिशप डेव्हिड शेपर्ड आणि कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉर्लॉक. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना शेपर्ड माहीत असतील. १९५२ साली ओव्हलवर भारताविरुद्ध शतक ठोकणारे तेच. पुढे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध खेळण्यास त्यांनी नकार दिला. १९८१ च्या जुलैत टॉक्स्टेथ भागात बेकार तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल पेटली, तेव्हा हे दोघेही रस्त्यावर उतरले. लोक थट्टेने त्यांना 'फिश अँड चिप्स' म्हणत. कारण ते नेहमी जोडीने असत आणि कायम वर्तमानपत्रात असत. (तळलेले मासे आणि बटाटे तिकडे रद्दीच्या कागदात बांधून देत.) मार्चमध्ये रन्सींना बोलू दिले नव्हते, त्याच वर्षी ३० मे रोजी पोप अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये आले, तेव्हा लोकांनी टाळ्यांनी त्यांचे स्वागत केले. दोन्ही कॅथीड्रल ज्या रस्त्याच्या दोन टोकांना आहेत, त्याचे नाव होप स्ट्रीट. होप म्हणजे आशा नव्हे बरे का, होप नावाचा एक व्यापारी होता!

या दोघांनी प्रभुभोजनाचा वाद मिटवला का? नाही. तो आजही मिटलेला नाही. त्यांनी वादाला आपल्या जागी राहू दिले आणि बेकारी, घरे, गरिबी यांवर एकत्र काम केले. मला महत्त्वाचे वाटते ते हे.

१९९० साली इंग्लंडात 'चर्चेस टुगेदर' ही संघटना झाली आणि तीत कॅथलिकही सामील झाले. आता अनेक गावांत गुड फ्रायडेला सर्व पंथांचे लोक एकच लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून जातात. नंतर एखाद्या चर्चच्या दालनात चहा आणि क्रूसाची खूण असलेले गोड पाव. एवढ्यावर थांबले असते तर मी त्याला मिरवणूक म्हणून सोडून दिले असते.

पण ईस्टरला तिकडे शाळांना सुट्टी लागते. गरीब मुलांना शाळेत दुपारचे जेवण मोफत मिळते, सुट्टीत ते बंद होते. आपल्याकडे मध्यान्ह भोजनाचे जे होते तेच. अशा वेळी अनेक ठिकाणी चर्चची दालने मुलांसाठी उघडतात. एका पंथाची जागा, दुसऱ्याचे स्वयंसेवक, तिसऱ्याची वर्गणी. दुसरे काम फूड बँकेचे. 'बँक' शब्द दिसला म्हणून मी अधिक लक्ष देऊन वाचले. ट्रसेल ट्रस्टने २००० साली सॅलिसबरी येथे पहिली फूड बँक काढली आणि पुढे चर्चच्या मदतीने देशभर जाळे झाले. डॉक्टर, समाजसेवक वगैरे गरजू माणसाला चिठ्ठी देतात. चिठ्ठी दाखवली की किमान तीन दिवस पुरेल असा शिधा मिळतो. धर्म विचारत नाहीत. आपल्याकडे अशा सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो अशी शंका लगेच निघते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. २०२३-२४ या वर्षात या जाळ्याने ३१ लाखांहून अधिक वेळा शिधा दिला. इतक्या श्रीमंत देशात!

हा आकडा अभिमानाचा नाही, असे तेथील कार्यकर्तेच म्हणतात. दानाने सरकारची जबाबदारी संपत नाही. शेपर्ड ज्या आयोगाचे उपाध्यक्ष होते, त्याने १९८५ साली शहरांतील गरिबीवर 'फेथ इन द सिटी' हा अहवाल दिला, तेव्हा सरकारी गोटातून त्यावर मार्क्सवादी असा शिक्का मारला गेला. पोट भरणाऱ्याचे कौतुक होते. पोट रिकामे का राहिले असे विचारणाऱ्याचे होत नाही.

आता पुन्हा माझ्या सहकाऱ्यांकडे येतो. त्या वर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी ते कामावर आले ते डोळे लाल करूनच. मी विचारले, "तब्येत बरी नाही का?" म्हणाले, "काल दोन्ही चर्चच्या लोकांनी मिळून रुग्णालयातल्या नातेवाइकांसाठी खिचडी केली. दीडशे माणसांची. हिच्या चर्चची भांडी, आमचा तांदूळ. ही तांदूळ निवडायला बसली आणि मला कांदे चिरायला बसवलं." मी म्हणालो, "म्हणजे गुरुवारी बाकावर आणि रविवारी कांद्यांवर." ते मोठ्याने हसले. एवढ्यात खिडकीशी ग्राहक आला आणि त्यांनी त्याचे पासबुक हातात घेतले.