उतरलेला चेहरा काय सांगतो?

पुसद तालुक्यातल्या आपल्या आंध वस्त्यांवर पंचेचाळिशीतली बाई कापूस वेचून घरी आली की घरचे सहज म्हणतात, "तोंड किती उतरलंय!" त्यामागचं कारण समजून घेऊ या.

सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती गेली असं मानतात. या काळात शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजेन पहिल्या 5 वर्षांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं. त्यात कर्जाची, लेकीच्या लग्नाची काळजी लागली, की कॉर्टिसोल वाढतं आणि झोप उडते. मग कातडी कोरडी पडते, डोळे खोल जातात. उन्हाचीही त्यात भर पडते.

गोरं करणाऱ्या क्रीमच्या नादी लागू नका. काहींत स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी आणखी पातळ होते. खोबरेल तेल लावा, उन्हात डोक्यावर पदर घ्या.

चेहरा पांढराफटक दिसला तर रक्त कमी असेल, सुजला तर थायरॉइडही असू शकतो. तपासून घ्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लाजू नका. आशाताईंना सांगा, लगेच दवाखान्यात जा.

आणि घरच्यांनो, तिला "म्हातारी झालीस" म्हणण्याआधी विचारा, "रात्री झोप लागते का गं?"