पेवातली ज्वारी आणि बँकेतली ठेव



आपल्या आजोबांची बचत पेवात असे. ज्वारी पेवात उतरली की तिला हात लावणारा घरचाच माणूस. (लेव्हीच्या काळात सरकार तिथंही पोचलं, ती गोष्ट वेगळी.) आता आपण बचत बँकेत ठेवतो, पोस्टात ठेवतो. या पेवात कोण उतरतं ते पाहू.

1990-91 साली आपण बँकेत 100 रुपये ठेवले, तर त्यातले 38.50 रुपये बँकेनं मुख्यतः सरकारी कर्जरोख्यांत घालायचे, आणखी 15 रुपये रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचे, असा दंडकच होता. 53.50 गेले. उरलेल्या 46.50 मध्ये कारखानदार, व्यापारी, आणि रांगेच्या शेवटी आपण. पीककर्जाला पैसा नाही असं मॅनेजर सांगायचा, तेव्हा तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पैसा आपणच भरला होता. तो सरकारनं आधीच उचलला होता.

ठेवीवर व्याज किती द्यायचं तेही वरूनच ठरे. 1991-92 साली घाऊक भाववाढ साडेतेरा टक्क्यांच्या वर गेली, व्याज त्याहून कमी. म्हणजे पासबुकातला आकडा वाढला आणि त्यात येणारी खताची पोती घटली. ही कराचीच वसुली, फक्त पावती मिळत नाही.

असाच बिनपावतीचा कर मार्च 2012 मध्ये कापसावर बसला. निर्यात एकाएकी बंद केली, बाहेरचं गिऱ्हाईक तोडलं. ज्या पिकातून चार पैसे मागे पडायचे, त्याच्यावरच घाव.

विद्वान सांगतात, सरकारनं कर्ज काढलं की उद्याचा कर ओळखून लोक जास्त बचत करतात. इंग्लंडच्या रिकार्डोनं 1820 साली हा हिशेब मांडला. पण लोक प्रत्यक्षात असं वागत नाहीत, हेही त्यानंच लिहिलं. आपल्याकडे तर वेचणीची मजुरी, सोसायटी आणि दुकानदार भागवून काही उरलं, तर बचत.

सरकारनं कर्ज काढूच नये असं आम्ही म्हणत नाही. कर्जातून धरण झालं, पाणी वावरात आलं, तर आपल्या हाती जास्तच पैसा राहील. पण जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 48.21 लाख कोटींच्या खर्चात 11.63 लाख कोटी नुसतं व्याज होतं. जुनं फेडायला नवं काढणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते इथं सांगायला नको.

ती 38.50 ची सक्ती 2020 पासून 18 वर आली आहे. मॅनेजरची जुनी सबब आता तेवढी चालायची नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या शाखेत ठेवी किती जमल्या आणि कर्ज किती वाटलं, हे दोन आकडे विचारून आणावेत.