लाकडी वाडग्यावरचं नाव



आज आपण एका बुडालेल्या जहाजाची हकिकत ऐकू या. इंग्लंडात पोर्टस्मथ नावाचे बंदर आहे. त्याच्या जवळच, १९ जुलै १५४५ रोजी, फ्रेंचांशी लढताना राजा आठवा हेन्री याचे 'मेरी रोज' हे जहाज बुडाले. त्यावर शेकडो खलाशी व शिपाई होते. फारच थोडे वाचले.

जहाजाची एक बाजू चिखलात रुतली, म्हणून ती सडली नाही. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, म्हणजे ४३७ वर्षांनी, ती वर काढली. आता तिथं संग्रहालय आहे. तोफा तर आहेतच. पण मन थांबतं ते साध्या वस्तूंपाशी. उवा-लिखा काढायच्या फण्या, चामड्याचे जोडे, सुताराची हत्यारे, खेळायचे फासे.

राजाचे नाव इतिहासात आहे. या गरिबांचं कुणी लिहून ठेवलं? जेवायच्या लाकडी वाडग्यांवर त्यांनी आपापल्या खुणा कोरल्या होत्या. एका वाडग्यावर मात्र अक्षरे आहेत : 'नी कोप'. तो जहाजावरचा आचारी असावा, असे मानतात.

खूण पाहून एवढंच कळतं की, इथं कुणी माणूस जेवत होता. अक्षरं असली म्हणजे त्याला नावानं हाक मारता येते.

आपल्या घरात आजोबांचा पानाचा डबा असेल, आजीचं जातं असेल. ते कुणाचं, हे आपल्याच हातानं लिहून ठेवू या. पाटीवर अक्षर गिरवतो ते याचसाठी, बरं का!